तापलेलं इंजिन आणि पेट्रोलचा हिशेब

दुधाला जाणारी गाडी आणि कंपनीत कामाला जाणारी गाडी एकाच शोरूममधून एकाच दिवशी बाहेर पडली, तरी वर्षभरात ती दोन वेगळी इंजिनं झालेली असतात. चाकणला शिफ्टला जाणारा पोरगा पुणे-नाशिक रस्त्याला लागतो आणि चौथ्या गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नच्या वेगाने निघून जातो. त्याच्या इंजिनाला समोरून सारखा वारा लागतो. दूधवाला पहाटे वस्त्या-वस्त्यांवर थांबत, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ काढतो. प्रत्येक दारात गाडी चालूच ठेवून दूध मापून घेतो आणि पुढं जातो. इंजिन तेच, कष्ट दुप्पट, आणि वारा जवळजवळ नाहीच. महाळुंगे पडवळमध्ये गॅरेज चालवताना माझ्याकडे जास्त करून या दुसऱ्या प्रकारच्या गाड्या आल्या. इंजिन थंड कसं ठेवायचं आणि पेट्रोल कमी कसं जाळायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

आमच्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की गाड्यांचं दुखणं लगेच कळतं. एका अंगाला कळंब, मंचर आणि हमरस्ता, दुसऱ्या अंगाला घोडेगाव. घोडेगाव सोडून पुढं निघालं की डिंभे धरण, मग पोखरीचा घाट, तळेघर आणि भीमाशंकर. वर जुन्नरच्या बाजूला नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. इथली मोटरसायकल फक्त माणूस वाहत नाही. दूध, टोमॅटोचे कॅरेट, कांद्याच्या गोण्या, खताची पोती, पश्चिमेकडच्या वाड्यांतून हिरड्याची पोती, सगळं तिच्यावरून जातं. शंभर सीसीचं इंजिन बनवणाऱ्याने सपाट रस्ता आणि दोन माणसं धरली असणार. आमच्याकडे ते इंजिन छोट्या ट्रकचं काम करतं.

मी हे काम पुण्यात नाना पेठेत शिकलो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. गॅरेजमध्ये राजदूत आणि येझदीचं राज्य होतं. दोन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं, त्यामुळे त्यातलं थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. गाडी तापते आणि ओढत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की आमचे उस्ताद इंजिनाकडे बघायचेही नाहीत. म्हणायचे, "आधी सायलेन्सर उतरव." आत ऑइलचा कार्बन इतका साचलेला असायचा की धुराला वाट नसायची. सायलेन्सर आगीत टाकून भाजायचा, ठोकून कार्बन झाडायचा आणि परत लावायचा. निम्म्या गाड्या तेवढ्यावर बऱ्या व्हायच्या. इंजिनात गेलेली उष्णता बाहेर पडली नाही तर तिचं काय होतं, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पिस्टन बोअरला चिकटून इंजिन जाम झालेलं असायचं आणि पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असायचे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली होती. ९७ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा बोलबाला. मी गावाकडे परतलो तेव्हा जुने लोक अजून राजदूतच्या ओढीवर ठाम होते. फोर-स्ट्रोकला जीव नसतो म्हणायचे. पेट्रोलच्या खर्चाने ती चर्चा काही वर्षांत संपवली.

आता मुद्द्याचं सांगतो. गाडीत टाकलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ मानाने चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीचा काही सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातो आणि काही सिलिंडरच्या फिनांतून हवेत जातो. फिनांतून जाणारी ही उष्णता म्हणजे गिऱ्हाइकाने पंपावर पैसे मोजून घेतलेलं पेट्रोलच असतं. त्यामुळे इंजिन थंड करणं आणि अ‍ॅव्हरेज वाढवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. जे इंजिन विनाकारण तापतं ते विनाकारण पेट्रोल जाळतं. हे नीट लक्षात आल्यावर माझी कामाची पद्धत बदलली. आलेल्या गाडीला "वारा कुठून देऊ" असं विचारण्याऐवजी मी "ही उष्णता तयारच का होतेय" असं विचारायला लागलो.

त्यासाठी माप लागतं. गिऱ्हाईक "अ‍ॅव्हरेज पडलंय" म्हणतं, पण त्याला पंपावर किती भरलं आणि किती फिरलो एवढंच माहीत असतं. मी टाकीची नळी काढून तिथं खुणा केलेली बाटली लावतो, त्यात मोजून पेट्रोल घालतो आणि ठरलेल्या रस्त्यावर ठरलेलं वजन लादून गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालवतो. वजन म्हणून दुधाच्या कॅनमध्ये पाणी. जाताना आणि येताना दोन्ही मापं घ्यायची, कारण वारा एका बाजूने मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने अडवतो. चढ संपला की लगेच प्लगच्या बुडाशी टेंपरेचर गन धरायची. ही गन बाजारात स्वस्तात मिळायला लागली तेव्हापासून माझ्या कामातला अंदाज बराच कमी झाला. बाटली आणि गन या दोन वस्तूंशिवाय कोणी इंजिनात बदल करून अ‍ॅव्हरेज वाढवल्याचं सांगितलं, तर मी ऐकून घेतो, मानत नाही.

एका दूधवाल्या तात्यांची गाडी अजून चांगली आठवते, कारण सगळी दुखणी एकाच गाडीत जमली होती. तात्या म्हणाले, "आरं, चढाला लागलं की टाक् टाक् वाजतीय, आन् वर जाऊस्तोर मांडीला चटका बसतोय. पेट्रोल तर पाण्यावानी पितीय."

गाडी बघितली. लेगगार्डला पावसाळ्यासाठी रेक्झिनचा पडदा बांधला होता, तो उन्हाळ्यातही तसाच. पायावर चिखल उडू नये म्हणून बांधतात, पण इंजिनाच्या तोंडावरचा सगळा वारा त्याने अडतो. हेडच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरत होतं आणि त्या ऑइलवर माती बसून फिनांच्या मधल्या फटी विटेसारख्या बुजल्या होत्या. फिन असतातच कशासाठी, तर धातूचा हवेला लागणारा भाग वाढवण्यासाठी. अ‍ॅल्युमिनियम उष्णता फार झटकन वाहून नेतं, बिडाच्या दुप्पट-तिप्पट. त्यावर मातीचा थर बसला की सगळा फायदा गेला. भरीला दर दसऱ्याला इंजिनाला चंदेरी रंग मारायची आमच्याकडे हौस आहे. गाडीची पूजा व्हावी, हार चढावा, मला त्याचा आनंदच आहे. पण जुना रंग न खरवडता त्यावर थरावर थर देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

बाहेरचं हे सगळं साफ केलं तरी आतलं राहिलंच होतं. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट होता. ही गोष्ट मेकॅनिकांमुळे होते आणि ती सांगितली पाहिजे. टॅपेट सैल असला की टिकटिक आवाज येतो. गिऱ्हाइकाला आवाज आवडत नाही, म्हणून बरेच जण तो आवळून देतात. गाडी शांत होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, आणि ठेवायची ती बारीक फट आधीच आवळलेली असल्याने व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायची मुख्य वाट म्हणजे सीटवर टेकणं. तो टेकला की त्याची उष्णता हेडमध्ये उतरते आणि तिथून फिनांत. तो टेकलाच नाही तर लाल होतो, सीट जळते, कंप्रेशन गळतं, आणि ओढ गेली म्हणून माणूस अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळतो. टॅपेटच्या हलक्या आवाजाची मला कधी काळजी वाटत नाही. शांत झालेल्या टॅपेटची वाटते.

हेड उतरवलं, व्हॉल्व्ह काढून लॅपिंग केलं. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बनची साय जमली होती. तो कार्बन जागा अडवतो म्हणून कंप्रेशन वाढतं, शिवाय निखाऱ्यासारखा तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. तात्यांना चढावर ऐकू येणारी टाक् टाक् तीच होती. रिंगा शाबूत होत्या, म्हणून बोअर करायची गरज पडली नाही. हाफ इंजिन करायचा खर्च वाचला.

मग कार्बोरेटर. आधी कोणीतरी अ‍ॅव्हरेजसाठी "पेट्रोल खाली" करून दिलं होतं. नीडलची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत, म्हणजे नीडल पूर्ण खाली, आणि जेटही बारीक. प्लग काढला तर पांढराफटक. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. सपाट रस्त्यावर हलक्या हाताने चालताना हवा थोडी जास्त झाली तर पेट्रोल वाचतं, हे खरं आहे. पण वजन घेऊन चढाला लागलेल्या इंजिनाला हवा जास्त झाली, तर मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळतच राहतं, आणि त्याची आग कामाला येण्याऐवजी व्हॉल्व्ह आणि सायलेन्सर तापवत बाहेर जाते. पेट्रोल कमी सोडून पेट्रोल वाया घालवायचा हा प्रकार आहे. मी क्लिप मधल्या खाचेत आणली आणि जेट कंपनीच्या मापाचा लावला.

शेवटचा बदल स्प्रॉकेटचा. ही गाडी मोकळ्या हमरस्त्यावर फारशी जातच नव्हती. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं लावलं. इंजिन थोडं जास्त फिरतं, पण प्रत्येक फेऱ्यात त्याला कमी ताकद लावावी लागते. वरच्या गिअरमध्ये गाडी दाबून, धडधडत चढवण्यापेक्षा हे इंजिनाला कितीतरी बरं. असा बदल हायवेवाल्या गाडीला केला तर उलट पेट्रोल वाढेल. चेन, टायरची हवा, घासणारा मागचा ब्रेक, हे तर प्रत्येक गाडीत बघायचंच.

चढाच्या माथ्यावर प्लगच्या बुडाशी पूर्वीपेक्षा तीसेक अंश कमी भरले. बाटलीच्या मापात ओझं घेऊन मिळणारं अ‍ॅव्हरेज स्पष्ट वाढलेलं होतं. यातल्या कोणत्या कामाने किती फायदा झाला, हे कळावं म्हणून मी प्रत्येक टप्प्यावर माप घेतलं होतं. सगळ्यात मोठा वाटा व्हॉल्व्ह आणि टॅपेटचा निघाला, त्याखाली जेटचा. रेक्झिन काढून आणि फिन धुऊन तापमान उतरलं, पेट्रोलमध्ये मात्र थोडाच फरक पडला.

मग इंजिनावर जास्तीचा वारा आणायचे प्रयोग केले नाहीत का? केले, आणि मन लावून केले. लेगगार्डला पत्र्याची झडप बसवून समोरचा वारा वळवून थेट हेडवर आणला. चाळीसच्या पुढे त्याचा उपयोग दिसतो. पण दूधवाल्याचं इंजिन तापतं ते दहा-पंधराच्या वेगात, आणि तिथं वळवायला वाराच नसतो. चेतक स्कूटरचं इंजिन पत्र्याच्या झाकणात बंद असूनही रांगेत उभं राहून तग धरायचं, कारण मॅग्नेटवर पंखा होता आणि तो इंजिनासोबत फिरायचा. रिक्षाचंही तसंच. मोटरसायकलला असा पंखा जोडायचा म्हणजे क्रँकवरची ताकद खायची. मोठ्या गाड्यांवर ऑइल कूलर येतो, तो छोट्या गाडीला बसवून मागणारेही आले. पण या इंजिनात लिटरभराच्या आसपासच ऑइल, पंप लहान, आणि बाहेरून काढलेल्या नळीचा एक सांधा गळला तर घाटात सगळं इंजिन जातं. मी त्याला नाही म्हणतो. तो पैसा वेळेवर ऑइल बदलायला वापरा, आणि ऑइल मोटरसायकलचंच घ्या. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारचं घसरट ऑइल घातलं की प्लेटा घसरतात, आणि घसरणारा क्लच पेट्रोल खातो आणि तापतोही.

हेडच्या आतल्या बदलांबद्दल मला कायम ओढ वाटत आली आहे. मैसूरच्या सोमेंदर सिंग यांनी हेडच्या कडेच्या सपाट पट्टीत, म्हणजे पिस्टन वर आल्यावर जिथं मिश्रण दाबून मध्ये फेकलं जातं तिथं, बारीक खाचा पाडल्या. २००१ मध्ये त्याचं अमेरिकेतलं पेटंट त्यांना मिळालं. मिश्रण जास्त घुसळलं जावं, लवकर आणि पूर्ण जळावं, इंजिन कमी तापावं आणि पेट्रोल वाचावं हा त्यांचा विचार. एका मेकॅनिकने स्वतःच्या गॅरेजमध्ये बसून इंजिनाच्या मुळाशी हात घातला, याचा मला अभिमान वाटतो. मी भंगारातल्या हेडवर तशा खाचा पाडून बघितल्या. कमी वेगात इंजिन मऊ चाललं, चढावर ठोका कमी झाला असं हाताला जाणवलं. पण बाटलीच्या मापात दिसलेला फरक वाऱ्याने आणि रहदारीने एरवी पडतो त्याच्या आतलाच होता. म्हणून गिऱ्हाइकाच्या हेडला मी कानस लावत नाही. पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या चुंबकांची गोष्ट वेगळी. ते मी प्रामाणिकपणे बाटली लावून तपासले. फरक नाही.

आता जे सांगायचं आहे ते आजचं आहे, आणि मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ पासून ते यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. इथेनॉल उसापासूनही होतं आणि आमचा घोड नदीकाठ उसाचा आहे. देश कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. आमच्या गावच्या बाबू गेनूंनी १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर स्वतःला झोकून दिलं. अशा गावात राहून, आपल्या शेतातलं इंधन आपल्या गाडीत जळतं याला मी वाईट म्हणणार नाही. पण इंजिनाला भावना कळत नाही, मिश्रण कळतं.

इथेनॉलला पेट्रोलइतकी हवा लागत नाही, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. पेट्रोलला १४.७ भाग हवा, तर इथेनॉलला ९ भाग. वीस टक्के मिसळलं की एकूण गरज साडेतेराच्या आसपास येते. नव्या गाड्यांत, १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत, सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर असतो. तो हे ओळखतो आणि इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याचा जेट शुद्ध पेट्रोलच्या मापाचा, त्यामुळे तीच गाडी काहीही न करता सात-आठ टक्के पातळ मिश्रणावर चालते. म्हणजे अ‍ॅव्हरेजसाठी कोणी पेट्रोल खाली केलेल्या गाडीचं जे व्हायचं, ते आता सगळ्याच जुन्या गाड्यांचं आपोआप होतं. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. माणूस चिडतो, मेकॅनिककडे येतो, मेकॅनिक आणखी पेट्रोल खाली करतो, आणि चढावर व्हॉल्व्ह जळतो. गेल्या काही उन्हाळ्यांत मी हे सारखं बघतोय.

यावर माझा उपाय साधा आहे. कंपनीच्या मापापेक्षा एक-दोन नंबर मोठा मेन जेट लावायचा, क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल उचलायची, पायलटचा स्क्रू परत जुळवायचा आणि प्लग फिकट विटकरी होईपर्यंत बघत राहायचं. गिऱ्हाइकाला वाटतं की मोठ्या जेटने पेट्रोल जास्त जाईल. घाटाच्या ओझ्याखाली बाटली लावून दाखवलं की त्याच्या लक्षात येतं. मिश्रण पूर्ण जळालं तर अ‍ॅक्सिलरेटर कमी पिळावा लागतो. सोबत कार्बोरेटरची रबरं आणि पेट्रोलची नळी बदलून घ्यायची, कारण जुनी रबरं इथेनॉलने फुगतात. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

नव्या गाड्यांत मी असलं काही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सेन्सर फसवायच्या वस्तू विकणारे लोक गिऱ्हाइकाचं नुकसानच करतात. नव्या गाडीला फिन साफ ठेवा, टॅपेट बरोबर ठेवा, ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर बदला.

पण आमच्या तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्या अजून जुन्याच, कार्बोरेटरच्या आहेत, आणि त्या आणखी बरीच वर्षं धावणार आहेत. एवढा मोठा इंधनबदल झाला, तर गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या मॉडेलांसाठी योग्य मापाचे मेन जेट आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबरांचा संच प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात ठेवायला हवा. कोणत्या मॉडेलला कोणता नंबर, याचा एक कागद सोबत द्यावा. आता मी मंचरमध्ये जेट शोधतो, नाही मिळाला तर पुण्याला नाना पेठेत जातो, तिथंही कधी मिळतो कधी नाही. काही मेकॅनिक नाइलाजाने जुन्या जेटचं भोक तारेने मोठं करतात. ते भोक गोल राहत नाही आणि मापही राहत नाही. पितळेचा तो जेट बोटाच्या पेरावर मावेल एवढा असतो आणि त्याची किंमत फार नसते. तो वेळेत मिळाला, तर शंभर सीसीच्या गाडीवर दूध वाहणाऱ्या माणसाचं हजारो रुपयांचं हेड वाचतं.